टाकळकर डॉक्टरांची फेरी

कारभारी शेजूळ शहागंजातल्या घड्याळाच्या मनोऱ्याशी पोचला तेव्हा फेरीची माणसं जमलेली होती. बहुतेक शहरातली, शिकलेली. पायात कापडी बूट, पाठीला पिशव्या, कुणाच्या गळ्यात कॅमेरा. 'आपल्या शहराचा वैद्यकीय इतिहास, पायी पाहू या' असं फोनवरच्या जाहिरातीत लिहिलं होतं. कारभारीला इतिहासाशी काही घेणंदेणं नव्हतं. त्याला डॉक्टर टाकळकर हवे होते.

वर्षभरापूर्वी त्याच्या बायकोच्या, आशाबाईच्या, पायातली चप्पल चालता चालता निसटायला लागली. ती हसायची, म्हणायची, चप्पलच ढिली झाली. मग भाकरी थापताना तिचा हात मधेच थांबायला लागला. दिवाळीपर्यंत बोलणं जड झालं, तोंडात कायम घास असल्यासारखं. करमाडच्या डॉक्टरांनी शहरात पाठवलं, शहरातल्यांनी पुण्याला, आणि पुण्याहून कारभारी आपल्याच मनानं तिला हैदराबादला घेऊन गेला. सगळीकडे नसांना सुया टोचून तपासण्या झाल्या. सगळीकडे शेवटी त्याला एकट्याला बाहेर बोलावून एकच नाव सांगितलं गेलं. मोटर न्यूरॉन. नसा सुकत जातात, हात जातात, पाय जातात, मग गिळणं आणि श्वास. औषध नाही.

कारभारी मान हलवायचा आणि आत येऊन आशाबाईला सांगायचा, "अंगात ताकद कमी हाय म्हने. गोळ्या दिल्यात. व्हईल बरं." मग पुढचा पत्ता शोधायचा. मालिश करणारा वैद्य झाला. मणक्याला पट्टा बांधणारा झाला. अंगारा देणारा एक बाबाही झाला.

आता ती शहरातल्या मुकुंदवाडीत कारभारीच्या बहिणीकडे, मनकर्णाबाईकडे, पडून होती. हातानं पाण्याचा गडवा उचलत नव्हता. आणि अलीकडे तर घोटभर पाणी पाजलं तरी ठसका लागून नाकातून बाहेर येत होतं.

टाकळकरांचं नाव त्यानं एका दवाखान्याच्या बाकावर ऐकलं. डोक्याच्या आणि नसांच्या आजारात साऱ्या मराठवाड्यात तसा माणूस नाही, इतरांनी हात टेकलेले पेशंट त्यांनी चालवून घरी पाठवले, असं तिथं कुणी सांगत होतं. कारभारी बंगल्यावर जाऊन आला. फाटकावरच्या रखवालदारानं त्याला आत सोडलं नाही. पण त्याचं तोंड पाहून त्यालाही वाईट वाटलं असावं.

"साब अब मरीज नै देखते," तो म्हणाला. "बहोत लोगां आके चले गए. इतवार को पुराने शहर में घूमते, लोगां को लेके. वहाँ जाओ. वहाँ कौन रोकेगा?"

म्हणून कारभारी आला होता. अंगात लग्नकार्याचा पांढरा सदरा, खिशात आशाबाईच्या तपासण्यांची घडी घातलेली कागदं.

डॉक्टर उंच, वाळलेले, ऐंशीच्या घरातले. हातात काठी, डोक्यावर कापडी टोपी. त्यांच्यासोबत त्यांची मुलगी भानुमती होती. पन्नाशीची, केस आखूड कापलेली, नजर सतत वडिलांवर. डॉक्टरांचा आवाज मात्र वयाला न शोभण्याइतका खणखणीत होता.

"हे शहर पाण्यावर जगलं आणि पाण्यानंच मेलं," त्यांनी सुरुवात केली. "मलिक अंबरनं डोंगरातून नहर आणली, जमिनीखालून खापरी नळ घातले. पण गल्लोगल्लीच्या विहिरी होत्याच. पटकी आली की त्याच विहिरी माणसं मारायच्या. माझ्या वडिलांनी मला एका हकिमाची गोष्ट सांगितली होती. पटकीच्या दिवसांत तो एका विहिरीवर काठी घेऊन बसला आणि कुणाला पाणी भरू देईना. लोकांनी दगड मारले. कपाळ फुटलं, तरी हलला नाही. त्या गल्लीतली माणसं वाचली. आज ती विहीर कुठली, तो हकीम कोण, कुणालाही सांगता येत नाही."

लोक गलबलले. कुणीतरी वहीत उतरवून घेतलं. कारभारीच्या मनात एकच आलं, एवढं ज्याला माहीत आहे त्याला आशाचा आजार का नाही कळणार?

सिटी चौकाकडे निघाल्यावर तो घोळक्यातून वाट काढत पुढं सरकला. जुन्या युनानी औषधांच्या दुकानासमोर डॉक्टर थांबले. आत बरण्या, पोती, सुकलेल्या फुलांचा आणि हिंगाचा मिसळलेला वास. सगळे आत डोकावत होते. कारभारीनं संधी साधली.

"डाक्टरसाहेब, माही बायको..."

भानुमती मध्ये आली. "दादा, इथं पेशंटबद्दल नको हं. बाबा आता पाहत नाहीत कुणाला."

"पाच मिन्टं फक्त, ताई. ह्ये कागद तेवढे..."

"खरंच नको. माझं ऐका." तिचा सूर कडक नव्हता, पण हात वडिलांच्या दंडाला धरून तिनं त्यांना पुढं नेलं.

कारभारी मागं पडला. बहिणीनं निघताना म्हटलं होतं, लवकर ये रे, तिला एकटीनं उठवून बसवता येत नाही मला. आणि तो इथं परक्या लोकांच्या मागं, मेलेल्या लोकांच्या आजारांच्या गोष्टी ऐकत चालला होता. खिशातले कागद घामानं ओले होत होते. परत फिरावं असं एकदा वाटलं. पण फिरून जायचं कुठं? पत्ते संपले होते. हा शेवटचा होता.

भडकल दरवाजाच्या कमानीखाली गार होतं. डॉक्टरांनी प्लेगचं सांगितलं. उंदीर मरून पडले की लोक घरांना कुलपं लावून वेशीबाहेर कुडाच्या झोपड्यांत राहायला जायचे. आजाऱ्याला कुणी शिवत नसे. मग ते आपल्या तरुणपणावर आले. हैदराबाद संस्थानावर पोलीस अॅक्शन झाली तेव्हा ते लहान होते, पुढं इथंच डॉक्टर झाले. "धनुर्वाताचा पेशंट आला की आम्ही त्याला अंधाऱ्या खोलीत ठेवायचो. उजेड पडला, भांडं वाजलं, की शरीर कमानीसारखं ताठ व्हायचं. शुद्ध मात्र शेवटपर्यंत असायची त्याला."

"आन् इलाज?" कारभारी मागून मोठ्यानं बोलला. सगळ्यांनी वळून पाहिलं. "ज्याला औषधच नव्हतं, त्याचं डाक्टर काय करायचे?"

टाकळकरांनी घोळक्यातून त्याला शोधलं. "बसायचो," ते म्हणाले. "अंधारात, त्याच्याजवळ."

"बसून काय व्हतं?"

"काही नाही."

एवढंच. कारभारीला संताप आला. पण डॉक्टर अजून त्याच्याकडेच पाहत होते, आणि मग त्यांची नजर कमानीवर गेली, तिथं जरा वेळ राहिली. ते पुन्हा बोलायला लागले.

"हे शहर पाण्यावर जगलं आणि पाण्यानंच मेलं. मलिक अंबरनं डोंगरातून नहर आणली. माझ्या वडिलांनी मला एका हकिमाची गोष्ट सांगितली होती..."

काठी, दगड, फुटलेलं कपाळ. तेच शब्द, त्याच जागी तोच थांबा. लोक आधी हसले, त्यांना वाटलं मुद्दाम आहे. मग गप्प झाले. कॅमेरावाल्या माणसानं कॅमेरा खाली घेतला. भानुमती हळूच म्हणाली, "बाबा, ते झालं सांगून. पाणचक्कीकडे जाऊ या."

"झालं?" डॉक्टरांनी सगळ्यांच्या तोंडाकडे पाहिलं. "बरं, बरं. चला."

कारभारीनं ते ओळखलं. त्याच्या चुलत्याचं शेवटी असंच झालं होतं, जेवून हात धुतला की विचारायचा, जेवायला कधी वाढता? रखवालदारानं हे सांगितलं नव्हतं. लोक येऊन परत का गेले ते आता कळलं. खाम नदीचा पूल आला, महमूद दरवाजा आला, तरी तो चालतच राहिला, कारण थांबून करायचं काय हे त्याला सुचत नव्हतं.

पाणचक्कीच्या हौदाशी लोक पांगले. फोटो निघू लागले. वरून पडणाऱ्या पाण्याचा आवाज एवढा होता की शेजारच्याचं बोलणं ऐकू येईना. डॉक्टर वडाच्या सावलीत दगडी कट्ट्यावर बसले होते. कारभारी गेला आणि त्यांच्या पायांशी बसला. बसला म्हणजे कोसळलाच.

"साहेब, तिला पानी गिळंना. पोरगी नाय, पोरगं नाय आमाला, दोघंच हावो. तुमी नाय म्हनू नका. एकडाव बघा. म्या तुमचे पाय सोडनार नाय."

भानुमती धावत आली. लोक पाहू लागले. पण डॉक्टरांनी काठी बाजूला ठेवली आणि कारभारीच्या खांद्यावर हात ठेवून विचारलं, "सुरुवात कुठून झाली? हातातून की पायातून?"

"पायातून. उजव्या."

"दुखतं का? मुंग्या येतात?"

"नाय."

"चटका कळतो?"

"कळतो, साहेब."

"उगाच हसू फुटतं, नाही तर रडू?"

कारभारीनं चमकून पाहिलं. हे त्यानं कोणत्याच डॉक्टरला सांगितलं नव्हतं. "व्हय. गप पडल्याली असती आन् येकदम हसती. आमाला भ्या वाटतं."

डॉक्टर उठले. "पेशंट कुठं आहे?"

"बाबा, नको," भानुमती म्हणाली. मग कारभारीला बाजूला घेऊन तिनं सगळं उघड सांगितलं. "दादा, तुम्ही पाहिलंच मघाशी. त्यांना आत्ताचं आत्ता आठवत नाही. ते जे म्हणतील त्यावर कुठलं औषध सुरू करू नका, बंद करू नका. मला हे पटत नाही."

डॉक्टरांनी ते ऐकलं. "सकाळचं मला आठवत नाही, भानू," ते म्हणाले. "जीभ बघितली की मात्र कळतं मला अजून."

शेवटी भानुमतीनं फेरीच्या लोकांची माफी मागितली आणि गाडीची किल्ली काढली.

मनकर्णाबाईच्या घरी पुढच्या खोलीत, खिडकीखाली खाटेवर आशाबाई होती. डॉक्टर आले हे पाहून मनकर्णाबाईनं तिचा पदर सारखा केला, उशी वर सरकवली. टाकळकरांनी चपला बाहेर काढल्या, हात धुतले, आणि खाटेच्या कडेवर बसून तिला नमस्कार केला. असा नमस्कार तिला कुठल्या डॉक्टरनं केला नव्हता. ती त्यांच्याकडे टक लावून पाहू लागली.

"जीभ दाखवा, बाई. बाहेर नाही आली तर राहू द्या, नुसतं तोंड उघडा."

ते वाकून पाहत राहिले. मग तिचा हात हातात घेऊन अंगठ्याजवळचं वाळलेलं मांस चाचपलं. पायावरून पातळ हलकेच वर सरकवून मांडीकडे पाहिलं. कातडीखाली मांस आपोआप उडत होतं, आत किडे वळवळावेत तसं. बोटांची कड त्यांनी गुडघ्याखाली मारली तशी तिची तंगडी ताडकन उडाली. हे करताना त्यांचे हात तरण्या माणसासारखे चालत होते, कुठं चाचरणं नाही. कारभारी भिंतीला धरून उभा होता. त्याचे ओठ हलत होते. वेगळं नाव सांग, एवढंच तो मनात म्हणत होता. कसलंही सांग, पण वेगळं.

डॉक्टरांनी पातळ सारखं केलं. कारभारीकडे न वळता ते आशाबाईलाच म्हणाले, "बाई, तुम्हाला काय झालंय, हे कुणी सांगितलं का तुम्हाला?"

"तिला नका सांगू!" कारभारी पुढं झाला. "भाईर चला, मला सांगा."

"मी त्यांना विचारलं."

आशाबाईनं मान हलवली. इकडून तिकडे, हळू. नाही.

"सांगू?"

तिनं डोळे मिटले आणि उघडले.

टाकळकरांनी सांगितलं. सोप्या शब्दांत, सावकाश, मधे मधे थांबून. नसा सुकताहेत. यावर औषध निघालेलं नाही. श्वासाला आता त्रास होईल. तिची काही चूक नाही, कुणाची करणी नाही, खाण्यापिण्याचं काही नाही. डोकं शेवटपर्यंत शाबूत राहील, म्हणून जे ठरवायचं ते तिनं ठरवायचं. "नळीनं जेवण देता येतं. दवाखान्यात राहता येतं. घरी राहता येतं. तुम्हाला काय पाहिजे?"

मनकर्णाबाई तोंडात पदर कोंबून रडत होती. आशाबाईच्या डोळ्यांतून पाणी कानांकडे ओघळलं, पण चेहरा घाबरलेला नव्हता. तिनं तोंड उघडलं. घशातून एक ओला, जाड आवाज आला. परत आला.

"घरी म्हनती," मनकर्णाबाई म्हणाली. "घरी जायचं म्हनती, दादा."

"नाय!" कारभारी ओरडला. "काय घरी? तिथं कोन डाक्टर हाय? दिल्लीला घिऊन जातो म्या तिला!" मग तो टाकळकरांकडे वळला आणि त्याच्या तोंडून ते निघून गेलं. "तुमाला सकाळची गोष्ट दुपारी ध्यानात ऱ्हात नाय. तुमचं काहून खरं मानू म्या? येड्या मानसाच्या नादी लागून तिच्यादेखत वाटोळं केलं म्या!"

भानुमती वडिलांकडे सरकली. "बरोबर आहे तुमचं," डॉक्टर म्हणाले. काठी घेऊन उठले आणि बाहेर गेले.

कारभारी मागोमाग बोळात आला. त्यानं भिंतीवर कपाळ टेकलं आणि मग आपटलं. एकदा, दोनदा. शेजारणी दारात आल्या. भानुमतीनं त्याला धरलं. "दादा, असं नका करू. आतमध्ये त्यांना ऐकू जातंय." त्यावर तो थांबला आणि नाल्याच्या कडेला उकिडवा बसून लहान मुलासारखा रडला. वर्षभरात तो रडलेला नव्हता. त्याला वेळच नव्हता.

डॉक्टर गाडीच्या दाराशी उभे होते. त्यांनी बोळाकडे, माणसांकडे, रडणाऱ्या कारभारीकडे पाहिलं.

"भानू, इथं पेशंट बघायचाय ना आपल्याला?"

"बघितलं, बाबा. चला."

"कधी बघितलं? मी नाही बघितलं. हा माणूस रडतोय आणि तू म्हणतेस चला?"

"बाबा, प्लीज."

पण ते घराकडे वळले होते. कारभारीनं मान वर केली. भानुमतीनं त्याच्याकडे पाहिलं. अडवायचं का, असं ती नजरेनं विचारत होती. कारभारी डोळे पुसत उठला. "जाऊ द्या त्यांना," तो म्हणाला. आता त्यांना मघाचं काहीच ठाऊक नव्हतं, आणि कदाचित या वेळी वेगळं निघेल, एवढंच त्याच्या मनात होतं. हा वेडेपणा आहे हे त्याला कळत होतं.

टाकळकरांनी पुन्हा चपला काढल्या. पुन्हा हात धुतले. खाटेच्या कडेवर बसून आशाबाईला नमस्कार केला. "जीभ दाखवा, बाई. बाहेर नाही आली तर राहू द्या, नुसतं तोंड उघडा." वाकून पाहिलं. अंगठ्याजवळचं मांस चाचपलं. मांडी पाहिली, गुडघ्याखाली बोटं मारली. कारभारी या वेळी खाटेच्या अगदी जवळ उभा होता. डॉक्टरांच्या चेहऱ्यावर ओळखीची एकही रेष नव्हती. ते खरोखरच पहिल्यांदा बघत होते. आणि हळूहळू त्या चेहऱ्यावर तीच छाया उतरत गेली, मघा उतरली होती तीच.

"बाई," ते म्हणाले, "तुम्हाला काय झालंय, हे कुणी सांगितलं का तुम्हाला?"

आशाबाई हसली. घशातून घरघर निघाली, खांदे हलले. आजाराचं ते उगाच फुटणारं हसू नव्हतं ते. वर्षापूर्वी चप्पल निसटल्यावर ती हसायची तसं ते तिचं होतं. हसता हसता ठसका लागला. मनकर्णाबाईनं तिला उठवून धरलं. डॉक्टरांना काही कळलं नाही, पण तेही तिच्याकडे पाहून हसले.

"सांगितलंय तिला, साहेब," कारभारी म्हणाला. "तुमीच सांगितलं."

"असं?" डॉक्टर ओशाळले. "मग काय म्हणाल्या त्या?"

कारभारी खाटेशी खाली बसला आणि त्यानं आशाबाईचा वाळलेला हात हातात घेतला. "घरी जायचं म्हनती," तो म्हणाला.

त्यानं तिला करमाडजवळच्या आपल्या घरी नेलं. कसं बसवायचं, घास कसा पातळ करायचा, मान पुढं घेऊन कसा गिळू द्यायचा, हे भानुमती फोनवरून सांगायची. ती स्वतः डॉक्टर नव्हती, पण कुणाला तरी विचारून सांगायची. सांगून झालं की कारभारी विचारायचा, साहेब बरे हायेत का? ती म्हणायची, बरे आहेत. त्याचं नाव त्यांच्यापाशी काढून उपयोग नव्हता, हे दोघांनाही माहीत होतं. नळी आशाबाईनं नको म्हटली. कारभारीनं तीनदा विचारलं, तिनं तीनदा डोळे घट्ट मिटून नाही म्हटलं.

घरी नेल्यानं काही सोपं झालं नाही. श्वास लागला की ती त्याचं मनगट शोधायची आणि बोटांत बळ नसल्यानं ते तिला धरताही यायचं नाही. तो स्वतःच तिच्या हाताभोवती आपला हात गुंडाळून बसायचा. कधी कधी बाहेर गोठ्यात जाऊन शिव्या द्यायचा. कुणाला ते त्यालाही सांगता आलं नसतं.

उन्हाळ्याच्या तोंडाला भावकीतला पुंजाराम आला. अजिंठ्याच्या बाजूला एक माणूस झाडपाल्याचं देतो, त्यानं अशी बाई उठवली, म्हणाला. कारभारीनं गाडी काढली. आशाबाईला सांगितलंसुद्धा नाही. जालना रोडवर आल्यावर फाट्याशी त्यानं गाडी थांबवली. ट्रक धडधडत जात होते. तो हॅन्डल धरून उभा राहिला. जाऊन यायला दिवस जाणार होता. आज तिला पाणी कोण पाजणार? मनकर्णाबाई शहरात. पुंजारामच्या बायकोला तिचा आवाज कळत नाही. फाट्यावर उन्हात तो बराच वेळ तसाच होता. पायांना जायचं होतं. शेवटी त्यानं गाडी वळवली.

घरात आला तेव्हा ती दाराकडेच तोंड करून पडलेली होती. तिनं आवाज केला. कुठं गेला होता, असं विचारत होती. आता त्याला तिचं सगळं कळायचं.

"कुठं नाय," तो म्हणाला. "फाट्यापस्तोर." आणि चमच्यानं पाणी पाजायला बसला.

चैत्र संपता संपता ती दुपारची गेली. तो जवळ होता.